कार्ड राज्याचं, पासपोर्ट देशाचा

नमस्कार श्रोतेहो. रविवारची सकाळ. कुणाचा दुसरा चहा चालू असेल, कुणी मुलांना मराठी शाळेत सोडायला गाडी काढली असेल. मागच्या सीटवर मुलं असली तरी आवाज बारीक करू नका, वावगं काही सांगणार नाही. आज मी गांजाबद्दल बोलणार आहे. औषधाच्या गांजाबद्दल, आणि तो घेण्यासाठी आपल्या न्यू जर्सी राज्यात जे रुग्णाचं कार्ड मिळतं त्याबद्दल. माझ्याकडे ते आहे.

हसलात? मीही हसले होते. तीन वर्षांपूर्वी माझी केमो संपली. कॅन्सर गेला, पण जाताना तळपायात आग ठेवून गेला. दिवसा कामाच्या नादात विसरायला व्हायचं, पण रात्री पांघरूण पायाला लागलं तरी तापल्या तव्यावर पाय पडल्यासारखं वाटायचं. नसांच्या दुखण्यावरच्या गोळ्यांनी आग कमी व्हायची, पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी झोपेतच चालायची. मग आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मेडिकल कॅनाबिसचा विचार केला आहेत का?" मी नवऱ्याकडे पाहिलं. हे छताकडे बघत होते.

आपल्याकडे गांजा म्हटलं की डोळ्यांपुढे येतो नाशिकच्या कुंभमेळ्यातला जटाधारी आणि त्याची चिलीम. आमच्या गावी 'गांजेकस' ही शिवी होती. महाशिवरात्रीची भांग मात्र देवाची. झाड एकच! पानांची भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्याचा गांजा, चिकाचा चरस. भारताच्या १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यातही हीच विभागणी आहे. चरस आणि गांजा त्यात धरले आहेत, नुसती पानं वगळली आहेत. आणि गंमत ऐका. पाश्चात्त्य वैद्यकाला या झाडाची नीट ओळख करून दिली ती कलकत्त्यात नोकरी करणाऱ्या एका आयरिश डॉक्टरने, विल्यम ओशॉनेसीने, १८३९ साली. आपल्याकडचे वैद्य-हकीम हे कसं वापरतात ते बघून त्याने संधिवातावर, धनुर्वातावर प्रयोग केले. पुढे हेच औषध अमेरिकेच्या अधिकृत औषधसूचीत १८५० पासून १९४२ पर्यंत होतं. म्हणजे आपल्या घरून निघालेली वस्तू जगाची वारी करून मला मन्रो टाउनशिपच्या दवाखान्यात परत भेटत होती. नवऱ्याला हे सांगितलं, तर म्हणाले, "इतिहास राहू दे, लोक काय म्हणतील ते बघ."

आता कायदा. आपल्या राज्यात औषधी वापराचा कायदा जानेवारी २०१० मध्ये झाला, गव्हर्नर कॉर्झाइन यांच्या सहीने, ते पायउतार होत असताना. पहिलं दुकान उघडायला मात्र डिसेंबर २०१२ उजाडला, माँटक्लेअरमध्ये. मग २०१९ मध्ये तो कायदा बराच सैल झाला. त्या कायद्याला जेक होनिग या सात वर्षांच्या मुलाचं नाव आहे. मेंदूच्या कॅन्सरने तो गेला. शेवटच्या दिवसांत त्याला ज्याने आराम पडायचा, ते औषध तेव्हा महिन्याला दोन औंसच मिळायचं, आणि ते पुरत नव्हतं. आता मर्यादा तीन औंसांची आहे, आणि ज्यांचे दिवस मोजकेच उरलेत त्यांना मर्यादाच नाही.

आजारांची यादी ठरलेली आहे. कॅन्सर, अपस्मार, काचबिंदू, मल्टिपल स्क्लेरोसिस, मायग्रेन, क्रोन्ससारखे आतड्यांचे आजार, चिंतारोग, बायकांचं पाळीचं असह्य दुखणं, जुनाट वेदना, आणखीही बरेच. डॉक्टर मात्र या कार्यक्रमात नोंदलेलेच लागतात. आणि ते चिठ्ठी लिहून देत नाहीत, हे लक्षात घ्या. प्रिस्क्रिप्शन हा शब्दच इथे चालत नाही, कारण केंद्राच्या, म्हणजे वॉशिंग्टनच्या सरकारच्या कायद्याने त्यांना तसं लिहून देता येत नाही. ते फक्त प्रमाणित करतात की या बाईला अमुक आजार आहे. तुम्हाला एक क्रमांक मिळतो, तो घेऊन तुम्ही गांजाचं कामकाज बघणाऱ्या राज्याच्या कमिशनच्या साइटवर नाव नोंदवायचं. फोटो, ओळखपत्र, राहत्या पत्त्याचा पुरावा. अर्ध्या तासाचं काम.

माझं दीड महिना चाललं. कुणाचा दोष नाही, आपल्या नावांचा आहे. लायसन्सवर माझं नाव, मग नवऱ्याचं, मग आडनाव, असं ऐसपैस. दवाखान्याच्या कॉम्प्युटरात नवरा गायब. लायसन्सवर पत्ता जुना, एडिसनचा, कारण मन्रोला राहायला आल्यावर तो बदलायचं राहूनच गेलं. म्हणून विजेचं बिल जोडलं, तर ते ह्यांच्या नावावर. अर्ज परत. पुन्हा भरला, तर फोटो परत. फोटो मी स्वयंपाकघरात काढला होता आणि मागे भिंतीवर कालनिर्णय. मुलगा म्हणाला, "आई, गांजाच्या अर्जात तुझ्या डोक्यावर चतुर्थी दिसतेय." शेवटी पांढऱ्या दारासमोर उभी राहिले, बँकेच्या खात्याचा कागद माझ्या एकटीच्या नावाचा काढला, दवाखान्यात फोन करून नवऱ्याला माझ्या नावात परत बसवलं, तेव्हा जमलं. म्हणून सांगते, क्रमांक घ्यायच्या आधी सगळ्या कागदांवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवून ठेवा. एकेकाळी या कार्डाला दोनशे डॉलर पडायचे. आता फोनवरचं कार्ड फुकट आहे. डॉक्टरांची फी मात्र आपली आपण, आणि औषधाला विमा बहुतेक काही देत नाही.

कुणी म्हणेल, एप्रिल २०२२ पासून इथे एकवीस वर्षांवरचा कुणीही दुकानात जाऊन घेऊ शकतो, मग कार्डाचा उपद्व्याप कशाला? बरोबर आहे. त्यानंतर कार्डवाल्यांची संख्या घटलीसुद्धा. पण कार्डावर विक्रीकर लागत नाही, रुग्णाला रांगेत आधी घेतात, आणि एकवीसच्या आतल्या अपस्माराच्या मुलासाठी आईबापांना दुसरी वाटच नाही. शिवाय डॉक्टरच्या नजरेखाली राहणं, ही माझ्या मते पैशांपेक्षा मोठी गोष्ट.

पण श्रोतेहो, आता जे सांगते त्यासाठीच मी आज माइकसमोर बसले आहे. हातातली पोळी बाजूला ठेवा.

हे कार्ड राज्याचं आहे. देशाचं नाही. केंद्राच्या १९७० च्या कायद्याने गांजा हेरॉइनच्या पंगतीला, पहिल्या म्हणजे सगळ्यात कडक यादीत बसवला. २०२४ मध्ये त्याला तिसऱ्या यादीत उतरवायचा प्रस्ताव निघाला, पण तिसऱ्या यादीतली वस्तूही नियंत्रित पदार्थच असते. आणि व्हिसा, ग्रीनकार्ड, नागरिकत्व, ही सगळी दारं केंद्राची. ती उघडणारा अधिकारी न्यू जर्सीचं कार्ड बघून "बरं आहे" म्हणत नाही. एप्रिल २०१९ मध्ये नागरिकत्व देणाऱ्या खात्याने लेखी सांगितलं आहे की राज्यात कायदेशीर असलं तरी गांजाशी संबंध हा अर्जदाराच्या चारित्र्याच्या अटीत आड येऊ शकतो. त्यात या धंद्यातली नोकरीही आली. आपली हुशार मुलं, कुणी अशा कंपनीचे हिशोब बघतं, कुणी तिचं सॉफ्टवेअर लिहितं, त्यांच्या आईबापांनी हे ऐकावं. खटला नाही, शिक्षा नाही, नुसती तोंडी कबुली दिली तरी अडचण होऊ शकते. आणि फोनवरचं ते फुकटचं कार्ड? मुंबईहून परतताना विमानतळावरचा अधिकारी तो फोन मागू शकतो.

मी अमेरिकन नागरिक आहे, म्हणून हे सगळं माझ्या नावाने उघड बोलू शकते. पण आमच्या कॉलनीत संध्याकाळी चालायला येणारे निम्मे आजी-आजोबा ग्रीनकार्डवर आहेत. मुलांनी बोलावून घेतलंय, गुडघे दुखतात, झोप येत नाही, आणि आता कानावर आलंय की हिच्याकडे काहीतरी थेंब आहेत. बाकावर बसल्यावर मला हळूच विचारतात. एक काका तर म्हणाले, "वहिनी, पुढच्या वर्षी सिटिझनशिपची मुलाखत आहे, त्याआधी गुडघ्याचं बघून घेतो." म्हटलं, काका, उलटं करा. आधी इमिग्रेशनच्या वकिलाला भेटा, मग डॉक्टरांना. वकिलाची तासाची फी जड वाटेल, पण अर्जात पुढे खोटं लिहायची पाळी येण्यापेक्षा ती बरी. खोटं लिहिणं हा तर आणखी वेगळा गुन्हा. एच-वनवाल्या पोरांनाही हेच सांगते. मायग्रेन खरं आहे, दुखतंही खरं, पण आधी वकील.

आणि भेटीला आलेले आईवडील? कार्ड राज्याच्या रहिवाशालाच मिळतं. आईची कंबर धरली म्हणून आपल्या बाटलीतले दोन थेंब तिच्या जिभेखाली, हे करू नका. ते माझ्या नावचं औषध आहे, घरचा काढा नाही.

दुकानाबद्दल थोडक्यात. दारात पहारेकरी कार्ड बघतो, आत दवाखान्यासारखा लख्ख उजेड. क्रेडिट कार्ड चालत नाही, रोख किंवा डेबिट. काउंटरवर नाकात रिंग घातलेली एक मुलगी होती, माझ्या नातीपेक्षा फार तर पाच वर्षांनी मोठी. तिने इतकं नीट समजावलं की मला माझीच लाज वाटली. चघळायची गोळी दहा मिलिग्रॅमची, तुम्ही तिचा पाव भाग घ्या, म्हणाली. दोन तास थांबा. काही झालं नाही तरी त्या रात्री दुसरी घेऊ नका.

घेतली. आठ वाजता पाव गोळी, नऊपर्यंत काही नाही. म्हटलं, एवढ्याशाने काय होतंय! अर्धी घेतली आणि दुसऱ्या दिवसाच्या डाळीचा कुकर लावून शिट्ट्या मोजत बसले. तिसऱ्या शिट्टीनंतर मला वाटलं ही तिसरी नसून तेरावी आहे. मग वाटलं शिट्टी झालीच नाही, मीच वाजवली. ह्यांनी येऊन गॅस बंद केला. डाळीचा लगदा झाला होता आणि मी कुकरकडे बघून हसत होते. पस्तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने मला दुधाचा ग्लास पहिल्यांदा हातात दिला, तो त्या रात्री. तेव्हापासून पाव म्हणजे पाव. रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्यांनी तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पावही नाही. घेतल्यावर गाडी चालवायची नाही, हे वेगळं सांगायला नको.

उपयोग झाला का? आग गेली नाही. लांब गेली. शेजारच्या खोलीत कुणीतरी रेडिओ लावून ठेवावा, तशी. तो ऐकत ऐकत झोप लागते.

परवा साताऱ्याहून बहिणीचा फोन होता. तिचेही गुडघे. म्हणाली, "ताई, दिवाळीला येशील तेव्हा ते थेंब आण की एक बाटली. कार्ड आहे ना तुझ्याकडे?" म्हटलं, अगं, ही बाटली घेऊन मला डेलावेअर नदी ओलांडून पलीकडे फिलाडेल्फियालाही जाता येत नाही. राज्याची हद्द ओलांडली की केंद्राचा गुन्हा. त्यापुढे विमानतळ, त्यापुढे मुंबईचं कस्टम आणि आपला तो पंच्याऐंशीचा कायदा. साताऱ्याला काय आणतेस!

थोडा वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "बरं, मग बदामच आण. पण मागच्या वेळचे नकोत, ते खवट निघाले."