मधले हलके ठोके

[दृश्य : धुळे, देवपूर. पहिल्या मजल्यावरची खोली, संगणक, दोन स्पीकर, भिंतीला टेकवलेला ताशा.]

निवेदन :

धुळ्याच्या देवपूर भागातील या खोलीत लग्नसराईच्या दिवसांत अहिराणी गाण्यांचे ठेके तयार होतात. लग्नतिथी सरल्या, की याच संगणकावर आणि एफएल स्टुडिओ या संगीतरचनेच्या सॉफ्टवेअरमध्ये जंगल आणि ड्रम अँड बेस या संगीतप्रकारांसाठी ड्रम ब्रेक रचले जातात. हे दोन्ही प्रकार १९९०च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत लंडनमध्ये आकाराला आले. ब्रेक म्हणजे गाण्यातील तो तुकडा, जिथे बाकीची वाद्ये थांबतात आणि ड्रमवादक एकटाच वाजवत राहतो.

पडद्यावरच्या जाळीत एका बारची, म्हणजे चार मात्रांच्या आवर्तनाची, सोळा घरे आहेत. गती मिनिटाला १७० ठोक्यांची ठेवली आहे; म्हणजे एक मात्रा सुमारे ३५३ मिलिसेकंदांची आणि जाळीतले एक घर अवघ्या ८८ मिलिसेकंदांचे. पहिल्या आणि अकराव्या घरात किक, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा ठोका, पाचव्या आणि तेराव्या घरात स्नेअर, म्हणजे छडीने वाजवायच्या चरचरीत ड्रमचा ठोका, असा ड्रम अँड बेसचा सर्वांत साधा ठेका येथे काम करणाऱ्या तरुणाने प्रथम मांडला आहे.

[ध्वनी : साधा ठेका, चार बार.]

गतीत काहीच उणे नाही, तरीही हा ठेका ऐकणाऱ्याला पुढे ओढत नाही. प्रत्येक बारच्या शेवटी तो क्षणभर थबकून पुन्हा निघाल्यासारखा वाटतो. आता त्याच ठेक्यात आठव्या, दहाव्या आणि सोळाव्या घरांत स्नेअरचे तीन हलके ठोके घातले जात आहेत.

[ध्वनी : तोच ठेका, हलक्या ठोक्यांसह.]

किक आणि मोठा स्नेअर जागचे हललेले नाहीत. गतीही तीच आहे. मात्र सोळाव्या घरातला हलका ठोका पुढच्या बारच्या पहिल्या किकला जाऊन भिडतो आणि दोन बारमधला सांधा कानाला जाणवेनासा होतो. ज्याला रोलिंग ब्रेक म्हणतात त्याचा बराचसा कारभार या हलक्या ठोक्यांवर, म्हणजे घोस्ट नोट्सवर चालतो, आणि नवख्या मंडळींच्या कामात नेमके तेच एक तर गाळलेले असतात किंवा मोठ्या ठोक्यांइतक्याच जोराने वाजवलेले असतात.

ही तीन घरे या तरुणाने मनाने निवडलेली नाहीत. १९६९ मध्ये ‘द विन्स्टन्स’ या अमेरिकी गायकवादकांच्या गटाने ‘कलर हिम फादर’ ही तबकडी काढली. तिच्या मागच्या बाजूला ‘अमेन, ब्रदर’ हे गाणे होते आणि त्यात ग्रेगरी कोलमन या ड्रमवादकाने सुमारे सात सेकंदांचा, चार बारचा एक तुकडा वाजवला होता. पहिले दोन बार सारखेच आहेत. तिसऱ्या बारमध्ये तेराव्या घरात अपेक्षित असलेला मोठा स्नेअर अर्धी मात्रा उशिरा, पंधराव्या घरात पडतो. चौथ्या बारमध्ये ही ओढाताण आणखी वाढते आणि झांजेच्या एका मोठ्या आघातानंतर गाणे पुन्हा सुरू होते. वर राइड झांज आणि खाली हे सारे, एवढाच हा ऐवज आहे. तरी जंगलमधला सर्वाधिक कापला गेलेला ब्रेक हाच. १९८६ मध्ये ‘अल्टिमेट ब्रेक्स अँड बीट्स’ या संग्रहमालेतून तो डीजे मंडळींच्या हाती पडला आणि पुढे असंख्य गाण्यांत वापरला गेला. कोलमन यांना त्याचे मानधन कधीच मिळाले नाही. २००६ मध्ये हलाखीतच त्यांचा मृत्यू झाला. गटाचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांच्यासाठी २०१५ मध्ये संगीतप्रेमींनी वर्गणी काढली आणि सुमारे २४ हजार पौंड जमवले. तोवर मूळ ध्वनिमुद्रणाला ४६ वर्षे झाली होती.

कोलमन यांचा ठेका मिनिटाला सुमारे १३७ ठोक्यांचा आहे. तो १७० वर नेण्याचा सोपा मार्ग म्हणजे तबकडी वेगाने फिरवल्यासारखा आवाजच वेगाने वाजवणे. तसे केले की सूर सुमारे पावणेचार सेमिटोन (अर्धस्वर) चढतो. जंगलमधल्या स्नेअरचा तो ताणलेला, चरचरीत आवाज मुळात येथूनच आला. त्या काळी वापरात असलेला अकाई एस ९५० हा सॅम्पलर, म्हणजे आवाजाचे तुकडे साठवून वाजवणारे यंत्र, १२ बिटचा होता आणि मूळ यंत्राची स्मृती एका मेगाबाइटहूनही कमी होती. एवढ्याशा जागेत संपूर्ण गाणे ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. कलाकार सात सेकंदांचा तुकडा आणखी बारीक चिरत आणि एकेका ठोक्याला कीबोर्डची एकेक पट्टी देऊन त्यांचा क्रम नव्याने लावत. आजच्या संगणकांना ही अडचण नाही, आणि म्हणूनच बाजारात तयार ब्रेकच्या हजारोंनी फाइली मिळतात. त्या उचलून तशाच वाजवणाऱ्यांचे काम एकमेकांपासून वेगळे ओळखू येत नाही.

[दृश्य : पडद्यावर ध्वनीची आकृती, एकेका ठोक्याच्या सुरुवातीला उभी रेघ.]

काप ठोक्याच्या अगदी सुरुवातीला बसावा लागतो. तो काही मिलिसेकंद पुढे सरकला तर आघाताची धार जाते, मागे राहिला तर आधीच्या ठोक्याचे शेपूट सोबत येते, आणि आकृती शून्यरेषेला छेदत नाही अशा जागी काप घेतला तर ‘टक्’ असा फुकटचा आवाज ऐकू येतो. सगळे काप एकाच कट गटात ठेवतात, म्हणजे नवा ठोका पडताच आधीचा बंद होतो. हे केले नाही, तर राइड झांजेचे तुकडे एकमेकांवर चढून नुसता चिवचिवाट होतो.

यापुढचे काम जोर आणि जागा यांचे आहे. मोठ्या स्नेअरची व्हेलॉसिटी, म्हणजे ठोक्याच्या जोराचा आकडा, १२७ पैकी ११५ ते १२५ आणि हलक्या ठोक्यांची २५ ते ५० अशी राखली जाते, आणि तिन्ही हलके ठोके सारख्याच जोराचे नसतात; आठव्या घरातला जरा ठळक, दहाव्यातला त्याहून मऊ. जागेच्या बाबतीत जाळीवर विसंबून चालत नाही. हलका ठोका आठ-दहा मिलिसेकंद मागे घेतला, तर ते घराच्या जेमतेम एक नवमांश अंतर होते, पण या गतीला तेवढ्याने ठेक्याची चाल बदलते. मोठा स्नेअर मात्र जागचा हलवत नाहीत, कारण तो ढळला की उरलेल्या सगळ्या ठोक्यांचा आधारच जातो. सगळे ठोके क्वांटाइझ करून रेघेवर आणून ठेवणारे बटण प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये असते. या कामात ते जितके कमी वापरावे तितके बरे.

तुकडा चार बारचा धरून चौथ्या बारमध्ये काहीतरी बदलले जाते : स्नेअरचा एखादा काप दोन घरांत चार वेळा वाजवणे, एखादा ठोका तीन सेमिटोन खाली उतरवणे किंवा उलटा फिरवणे. या करामतींचा मोह फार होतो. दर बारला त्या आल्या, तर ऐकणाऱ्याला धरून ठेवायला काही उरत नाही.

[दृश्य : बँडचे आवार. ज्येष्ठ ताशावादक, गळ्यात ताशा.]

या खोलीतला पुढचा ब्रेक कोलमन यांचा नाही. खानदेशात लग्नाच्या वरातीत आणि श्रावणात कानबाई देवीच्या विसर्जनाला ज्यांनी ताशा ऐकला आहे, त्यांच्या कानाला मोठ्या ठोक्यांच्या मधली ही बारीक भर नवी नाही. पातळ छड्यांनी ताशावादक ती सहज वाजवतो. म्हणून हा तरुण एका बँडमधील ताशेवाल्या आबांकडे आला आहे. “आबा, मोठे ठोके तसेच ठेवा, मधले जरा दाबून वाजवा,” असे तो सांगतो. आबा विचारतात, “गानं कोनतं शे, भाऊ?” गाणे नाही, नुसता ठेका आहे, हे उत्तर त्यांना फारसे पटलेले दिसत नाही, पण त्यांचा हात चालू होतो.

[ध्वनी : ताशा, मिनिटाला १३०च्या आसपास.]

मायक्रोफोन ताशापासून हातभर लांब आणि थोडा तिरका आहे, कारण अगदी समोर ठेवला तर छडीच्या आघाताने आवाज फाटतो. हा ठेका १७० वर नेताना सूर चढवत नाहीत. ताशा मुळातच उंच आवाजाचा, तो आणखी साडेचार सेमिटोन वर गेला तर कानात टोचतो. उलट काही काप खाली उतरवले जातात. किकच्या जागी बँडमधला ढोल घेतला आहे, पण या ठेक्यात तो पहिल्या आणि तिसऱ्या अशा दोन्ही घरांत पडतो आणि त्यांच्यात अंतर केवळ १७६ मिलिसेकंदांचे असल्याने ढोलाची घुमार दुसऱ्या ठोक्यावर सांडते. ती छाटून तिच्याखाली संगणकातली एक कोरी, आखूड किक जोडली आहे. ढोलाच्या ध्वनिमुद्रणातील १२० हर्ट्झच्या खालचा भाग काढून टाकला आहे, म्हणजे दोन किक एकमेकींना खात नाहीत. बेस ८५ च्या, म्हणजे निम्म्या चालीत फिरतो. त्या दिवसाचे मानधन आबांच्या हाती देऊन झाले आहे आणि प्रत्येक फाइलच्या नावात त्यांचे नाव घातले आहे.

[दृश्य : डीजेची गाडी, रचलेले बॉक्स, दुपार.]

खोलीतल्या छोट्या स्पीकरांवर जमलेला ठेका या बॉक्सवर तसाच ऐकू येत नाही. बेस सुरू होताच ताशाचे मधले ठोके बुडतात आणि पहिल्या प्रयोगातला तो थबकणारा ठेका परत येतो. बेसचा आवाज कमी करा, हा डीजेचा सल्ला येथे स्वीकारला जात नाही. त्याऐवजी हलक्या ठोक्यांचा वेगळा ट्रॅक करून त्यावर जास्त कॉम्प्रेशन दिले जाते, म्हणजे मोठ्या आणि लहान आवाजांतले अंतर कमी केले जाते, तो दोन डेसिबलने वर आणला जातो, आणि बेसमधील २०० ते ४०० हर्ट्झचा पट्टा थोडा खाली घेतला जातो. सोळाव्या घरातला ठोका अजूनही कमी ऐकू येत असल्याने त्याची व्हेलॉसिटी ३२ वरून ४४ केली जाते आणि नवी फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन ती पुन्हा त्याच बॉक्सवर लावली जाते.

[ध्वनी : पूर्ण ठेका, बेससह, सोळा बार.]