आधी वाटीत काय आहे ते बघू

नमस्कार मंडळी. कुत्रा सारखा पंजे चाटतो, कान खाजवतो, महिन्यातून दोन-तीनदा पातळ शी करतो, अशी तक्रार घेऊन दवाखान्यात येणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो. "डॉक्टर, प्रोबायोटिक कुठलं द्यायचं?" कुणाच्या हातात तोवर एखादा महागडा डबाही आलेला असतो. मी त्यांना उलट विचारते, सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत त्याच्या तोंडात काय काय जातं? प्रोबायोटिककडे, म्हणजे पोटासाठी देतात त्या जिवंत उपयोगी सूक्ष्मजीवांकडे, मी येणार आहे, पण त्याची पाळी नंतरची आहे.

त्याआधी एक गोष्ट. प्रत्येक खाज अन्नामुळे येत नाही. पिसवा, गोचीड, खरूज, हवेतले परागकण, घरातल्या धुळीतले सूक्ष्म किडे, ही कारणं अन्नापेक्षा जास्त वेळा सापडतात. ठरावीक ऋतूतच खाजवणाऱ्या कुत्र्याचं दुखणं जेवणात असण्याची शक्यता कमी. तसंच पातळ शीचं. जंत आणि जिआर्डिया (आतड्यातला एक सूक्ष्म परजीवी) आधी तपासून घ्या. खाणं बदलत बसण्याआधी ताज्या शीचा नमुना डबीत घालून आणा. इतका स्वस्त आणि इतका उपयोगी तपास दुसरा नाही, आणि तरीही तो सगळ्यात कमी केला जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

आता अन्नाची ॲलर्जी. 2016 साली एका आढावा-लेखात अशी ॲलर्जी असलेल्या जवळपास 300 कुत्र्यांची माहिती एकत्र केली गेली. सर्वाधिक वेळा दोषी ठरलेले पदार्थ असे: गोमांस 34 टक्के, दूध आणि दुधाचे पदार्थ 17, चिकन 15, गहू 13. ही माहिती मुख्यतः पाश्चात्त्य देशांतली, त्यामुळे गोमांसाचा आकडा आपल्याकडे जसाच्या तसा लागू होणार नाही. पण उरलेली नावं पुन्हा वाचा. दूध, चिकन, गहू. आपल्या शाकाहारी घरांत कुत्र्याचं जेवण म्हणजे पोळी-दूध, आणि मांसाहारी घरांत चिकन-भात. शिवाय चहाच्या वेळी ग्लुकोजचं बिस्किट. वर्षानुवर्षं हेच खाल्लेलं असतं, म्हणून लोक म्हणतात, "डॉक्टर, हे तर तो लहानपणापासून खातोय, याचा त्रास कसा होईल?" ॲलर्जी अशाच पदार्थाची होते. शरीराची ज्या प्रथिनाशी वारंवार गाठ पडते, त्याच्याच विरोधात ते पुढे उभं राहतं.

भाताला मात्र लोक उगाच घाबरतात. तांदळाची ॲलर्जी कुत्र्यांत क्वचितच दिसते. "धान्यविरहित" असं छापलेलं महाग पाकीट घेण्याची घाई करू नका. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) 2018 मध्ये अशा आहारांचा आणि कुत्र्यांच्या एका हृदयविकाराचा संबंध असू शकतो का, याची चौकशी सुरू केली. त्यात मटार, मसूर आणि बटाटे भरपूर असलेल्या खाण्यांवर विशेष लक्ष होतं. कार्यकारणसंबंध अजून सिद्ध झालेला नाही, पण फायदा स्पष्ट नसताना जास्त पैसे का मोजायचे?

मग ॲलर्जी ओळखायची कशी? रक्ताच्या, लाळेच्या, केसांच्या चाचण्या विकल्या जातात. अन्नाच्या ॲलर्जीसाठी त्यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही, त्यावर पैसे घालवू नका. खात्रीचा मार्ग एकच, वगळण्याचा आहार. कुत्र्याने आजवर न खाल्लेलं एक प्रथिन, एक पिष्टमय पदार्थ, आणि आठ आठवडे फक्त तेवढंच. पोटाच्या तक्रारी बऱ्याचदा दोन आठवड्यांतच कमी होतात. त्वचेला वेळ लागतो, म्हणून आठ आठवडे. दुकानात यासाठी हायड्रोलाइज्ड प्रथिनाचं पाकीट मिळतं. त्यात प्रथिनाचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीर ते सहसा ओळखत नाही. ते चांगलं, पण महाग. परवडत नसेल तर घरचं पातेलं आहेच.

किनारपट्टीच्या लोकांसाठी माझा आवडता पर्याय तारली आणि भात. कुत्र्याने मासे खाल्ले नसतील तर प्रथिन नवं, आणि बाजारात सहसा स्वस्त. दहा किलो वजनाच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण 600 कॅलरी लागतात. सुमारे 300 ग्रॅम शिजलेला भात आणि सव्वाशे ग्रॅम शिजवलेली तारली यांत तेवढ्या मिळतात. डोकं आणि आतडी काढायची, कुकरला नेहमीपेक्षा जास्त शिट्ट्या द्यायच्या, काटा बोटांत धरला की चुरा झाला पाहिजे. तसा काटा गेला की कॅल्शियमही पोटात जातं. मीठ, हळद, फोडणी काही नको. कांदा-लसूण तर कुत्र्यासाठी विषारीच, रक्तातल्या लाल पेशी फुटतात. सुकट किंवा सुके बोंबील वापरू नका, त्यात मीठ फार. आणि एक खास आपल्याकडची अडचण: 1 जून ते 31 जुलै आपल्या किनाऱ्यावर मासेमारीला बंदी असते. मेच्या मध्यात चाचणी सुरू केली तर दोन आठवड्यांतच मासळी महागते, मग लोक "चार दिवस चिकन देतो" म्हणतात आणि सगळं मुसळ केरात. पावसाळ्यात सुरू करायचं असेल तर शेळीचं मटण घ्या, पण तेही त्याने पूर्वी खाल्लेलं नसावं. शाकाहारी घरात पनीर सुचवलं जातं. दूध हाच संशयित असताना पनीर चालणार नाही. मूगडाळ-भातावर नुसतं ठेवायचं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

चाचणी कुठे मोडते? वाटीत नाही, वाटीबाहेर. आजोबांनी टेबलाखालून दिलेला पोळीचा तुकडा. वॉचमनने प्रेमाने दिलेलं बिस्किट. मांसाचा स्वाद लावलेली जंताची किंवा गोचिडाची चघळायची गोळी. आणि हो, प्रोबायोटिकची पुडी! कुत्र्यांसाठीच्या कित्येक पुड्यांना चव यावी म्हणून चिकनचा किंवा यकृताचा अर्क घातलेला असतो. चिकन बंद केलं म्हणून समाधानाने बसलेला माणूस रोज सकाळी भातावर तेच भुरभुरत असतो. "मटण आणि भात" असं समोर छापलेल्या कोरड्या खाण्याचीही मागची बाजू वाचा. घटकांत चिकनची चरबी किंवा चिकनची भुकटी बऱ्याचदा निघते.

आठ आठवड्यांनी कुत्रा बरा दिसला की लोक खूश होऊन थांबतात. तिथे थांबू नका. जुनं अन्न पुन्हा द्या, एका वेळी एकच पदार्थ. खाज काही तासांपासून दोन आठवड्यांच्या आत परतली तर उत्तर मिळालं. नाही परतली, तर तो पदार्थ निर्दोष आहे आणि आयुष्यभर देता येईल. खर्च वाचवणारी खरी पायरी हीच. दोषी एकटा गहू निघाला तर तुम्ही पुन्हा स्वस्तात चिकन-भातावर येऊ शकता.

मात्र घरचं जेवण कायमचं करायचं असेल तर ते संतुलित करून घ्या. अमेरिकेत 2013 साली घरगुती जेवणाच्या 200 कृती तपासल्या, त्यातल्या 95 टक्के कृतींत किमान एक तरी आवश्यक घटक कमी भरला. कॅल्शियम, जस्त, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व, इथेच कमी पडतं. प्रौढ कुत्र्याचे आठ आठवडे निभावतात, वाढत्या पिलाचे नाही. पिलाच्या बाबतीत घरी प्रयोग करू नका.

आता प्रोबायोटिक. डबा हातात घेतला की मागे तीन गोष्टी शोधा: जिवाणूचं पूर्ण नाव, त्याचा प्रकार सांगणारा अंक किंवा अक्षरं, आणि मुदत संपेपर्यंत किती जिवंत राहतील तो आकडा. एंटेरोकॉकस फेसियम एसएफ 68 हे असं पूर्ण नाव, कुत्र्यांत त्याचा अभ्यास झालेला आहे. नुसतं "लॅक्टोबॅसिलस मिश्रण" लिहिलं असेल तर तुम्हाला काहीच कळलेलं नाही. बाजारातली उत्पादनं तपासणाऱ्यांना अनेक डब्यांत लिहिल्यापेक्षा कमी जिवाणू सापडले आहेत. आणि आपल्या उन्हाळ्यात गाडीत राहिलेल्या डब्यात जिवंत काय उरणार?

माणसांच्या औषधांच्या दुकानात दोन स्वस्त पर्याय आहेत. सॅकरोमायसिस बोलार्डी हा यीस्ट असल्याने प्रतिजैविकं चालू असतानाही मरत नाही. बॅसिलस क्लॉसी बीजाणूच्या रूपात असतो, म्हणून उष्णता सोसतो. मात्रा डॉक्टरांकडून घ्या, स्टेरॉइड चालू असेल तर आधी विचारा. साखरमुक्त सिरपमध्ये झायलिटॉल असेल तर ते कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं. घरचं दही? दुधाचं वावडं नसेल तर चमचाभर द्या. पण त्यातले जिवाणू कुठले, किती, हे कुणी मोजलेलं नाही. शी वारंवार थोडी थोडी, शेंबडासारखी चिकट होत असेल तर मी प्रोबायोटिकच्या आधी इसबगोल आजमावते. अर्ध्या चमच्यापासून, भरपूर पाण्यात भिजवून. महिन्याभराची पुडी एका डब्याच्या किमतीपेक्षा कितीतरी स्वस्त.

प्रोबायोटिक द्यायचंच ठरलं तर एकच निवडा, जेवण त्याच काळात बदलू नका आणि चार आठवडे रोज शीची नोंद ठेवा. अचानक लागलेल्या जुलाबात ते एखादा दिवस कमी करतं, असा अनेक अभ्यासांचा सूर आहे. जुनाट तक्रारींत पुरावा मिश्र आहे, आणि अशा कुत्र्यांपैकी निम्म्याहून जास्त नुसत्या आहारबदलाने सुधारतात. म्हणून चार आठवड्यांत वहीत फरक दिसला नाही तर दुसरा डबा घेऊ नका. ते पैसे रक्ततपासणीला आणा. वजन उतरत असेल, शीत रक्त असेल, किंवा जर्मन शेफर्ड भरपूर खाऊनही बारीक होत असेल, तर चार आठवडेसुद्धा थांबू नका, त्याच आठवड्यात घेऊन या.