‘शेम शेम’ म्हणण्याआधी

(दृश्य : सकाळचं न्हाणीघर. बादलीतून निघणारी वाफ, तांब्या, ओले छोटे पाय.)

आंघोळ झाली की दोन वर्षांचं पोर पंचा सोडून घरभर पळतं. मागून कुणीतरी म्हणतं, “शेम शेम!” सगळं घर हसतं. यात कुणाच्या मनात वाईट काही नसतं.

पण त्या लेकराच्या बाजूने पाहू या. नाक कुठंय, कान कुठंय, दाखव बघू, हा खेळ त्याच्याशी दिवसातून दहा वेळा झालाय. दोन जागांना मात्र कुणी नावच दिलं नाही. तिथे नावाआधी लाज पोचली. उद्या तिथेच कुणी हात लावला, तर ते सांगणार कोणत्या शब्दात?

योनी, शिश्न हे शब्द उच्चारताना आपलीच जीभ अडखळते, ठाऊक आहे. मग निदान ‘शूची जागा’ म्हणा, पण घरात सगळ्यांनी आणि पाळणाघरातल्या मावशींनीही तोच शब्द वापरा. अंग धुताना सांगत राहा : “तुला अजून जमत नाही म्हणून मी धुते. डॉक्टर तपासतील तेव्हा मी शेजारी असेन. आणि कुणीही, अगदी घरातलं माणूस असलं तरी, ‘आईला सांगू नको’ म्हणालं, तर तेच मला आधी सांगायचं.”

आपण मुलांना बागुलबुवाची, झोळीवाल्याची भीती घालतो. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात महाराष्ट्र होता, गोवाही होता. १२,४४७ मुलं बोलती झाली. निम्म्याहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचं लैंगिक शोषण सोसल्याचं सांगितलं. आणि अत्याचार करणाऱ्यांत जवळपास निम्मे त्यांच्या ओळखीचे, विश्वासातले होते. म्हणून “मामाला पापी दे ना” म्हटल्यावर मूल अंग चोरत असेल, तर तिथेच थांबा. टाळी दिली तरी मामाचा मान राहतो.

(दृश्य : दुपार. पाळणाघराचं दार, ओळीने ठेवलेल्या छोट्या चपला.)

आपल्याकडची कितीतरी पाळणाघरं म्हणजे एखाद्या काकूंचं राहतं घर. आईबाप खाण्याचं विचारतात, झोपेचं विचारतात, फी विचारतात. काही प्रश्न राहून जातात : दुपारी घरात आणखी कोण कोण असतं? मुलाला शू-शीला कोण नेतं, तेव्हा दार उघडं असतं का? रिक्षात शेवटी उतरणारं मूल कोणतं? विचारायला संकोच वाटतो, पण जाणत्या काकू रागावत नाहीत. त्या स्वतःच सांगतात; सकाळी मूल आलं तेव्हा अंगावर ओरखडा होता, हेही वहीत टिपून ठेवतात. त्या वहीने मुलाचंही रक्षण होतं आणि त्यांचंही.

(दृश्य : स्वयंपाकघर. गॅस बंद करणारा हात.)

मूल सांगतं ते बहुधा भलत्याच वेळी. आपण फोडणी घालत असतो आणि मागून आवाज येतो, “मला तिकडे नाही जायचं.” गॅस बंद करा, खाली बसा. “बरं झालं सांगितलंस.” एवढं म्हणून गप्प राहा. “मग?” पुरे. “त्या दादानेच ना?” असं आपण त्याच्या तोंडात घालायचं नाही. आत्या, शेजारीण, बाई, सगळ्यांसमोर पुन्हा वदवून घ्यायचं नाही. त्याचे शब्द बोबडे असले तरी जसेच्या तसे लिहून ठेवा, तारखेसह. घटना ताजी असेल तर अंघोळ घालू नका, कपडे धुवू नका.

ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या दोन चिमुकल्या मुलींवरचा अत्याचार उजेडात आला. लोक रेल्वे रुळांवर उतरले. तक्रार नोंदवण्यातल्या दिरंगाईवरून मुंबई उच्च न्यायालयाने पोलिसांना खडसावलं. आईबापांनी धीर गोळा करून दार ठोठावावं आणि आतून कुणी लवकर उघडू नये, याची चीड अजून जात नाही.

मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२च्या पॉक्सो कायद्याने असा गुन्हा कळवणं प्रत्येकावर बंधनकारक केलं आहे. संस्थेच्या प्रमुखाने दडवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. १०९८ (मुलांसाठीची मदतवाहिनी) किंवा ११२ (तातडीच्या मदतीचा क्रमांक) लावा. जबाब मुलाच्या घरी घेता येतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेशाशिवाय. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. ज्याच्यावर त्याचा भरवसा, ते माणूस शेजारी बसू शकतं. बोलता बोलता मूल मध्येच पाणी मागेल, बाहुली मागेल. आधी ती आणून द्या.