महाराजबाग : आधी पाणी, मग बाग

(दृश्य : व्हरायटी चौक, सकाळची वर्दळ)

बर्डीची, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजाराची गर्दी मागे टाकली की पायी दहा-पंधरा मिनिटांत महाराजबाग येते. तिकीट काढून आत शिरलेली पोरं सरळ वाघाकडे पळतात, पोरांच्या मागे आई आणि आईच्या मागे पिशव्या सांभाळत बाबा. नागपुरातल्या कितीतरी घरांत आजोबा, बाबा आणि नातू या तिघांनी आयुष्यातला पहिला वाघ पाहिला तो इथेच. पण वाघ कुठे जात नाही. आपण आधी बाग पाहू, कारण बागेकडे इथे सहसा कोणी पाहत नाही.

(दृश्य : शहराचा नकाशा, तलावांवर खुणा)

नागपूरच्या भोसल्यांना बागांची हौस होती. महालात तुळशीबाग, गावाबाहेर सक्करदरा, सोनेगाव, तेलंगखेडी. ही नावं नकाशावर शोधून पाहा. सक्करदऱ्याला तलाव, सोनेगावला तलाव. तेलंगखेडीच्या बागेजवळ जो तलाव आहे त्याला आज सगळे फुटाळा म्हणतात. आणि त्यांच्याच महाराजबागेच्या कडेनं जाते नागनदी, जिच्यावरून शहराला नाव मिळालं. मे महिन्यात पारा पंचेचाळीस ओलांडतो असं हे गाव. इथे हौस कितीही असो, आधी पाणी शोधावं लागतं. भोसल्यांनी ते शोधलं आणि पाण्याच्या कुशीत बागा लावल्या. त्यांच्या लढायांविषयी आपल्याकडे पुष्कळ बोललं जातं. पाण्याच्या या जाणतेपणाबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

(दृश्य : सीताबर्डी किल्ल्याची टेकडी)

ही बाग आणि सीताबर्डीची टेकडी म्हणजे एकाच परिसरातल्या शेजारणी. नोव्हेंबर १८१७ मध्ये त्या टेकडीवर आप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य आणि इंग्रज यांच्यात लढाई झाली, आणि राज्याची सूत्रं भोसल्यांच्या हातून सुटायला लागली. तिसरे रघुजी डिसेंबर १८५३ मध्ये वारले. गादीला वारस नाही हे निमित्त करून डलहौसीनं १८५४ मध्ये राज्य खालसा केलं. राजवाड्याच्या जडजवाहिराचा लिलाव झाला, पागेतली जनावरं, हत्ती, घोडे, बैल मिळेल त्या भावाला विकले गेले. राजाची बागही सरकारजमा झाली.

पुढे १८९४ मध्ये त्याच बागेत इंग्रजांनी प्राणिसंग्रहालय सुरू केलं. राजाची जनावरं विकून झाल्यावर चाळीस वर्षांनी राजाच्याच बागेत जनावरं आणून ठेवली आणि लोकांना पाहायला बोलावलं. असा हिशेब सरकारलाच जमतो.

(दृश्य : सरळ वाट, दुतर्फा कातरलेलं कुंपण)

आज जे दिसतं त्यात भोसल्यांच्या काळचं किती, असं लोक विचारतात. जागा आणि नाव, एवढं नक्की. वाटा, वाफे आणि हिरवळ ही घडण पुढच्या काळातली. बागेची शिस्त मात्र जुन्याच जातीची आहे. वाट सरळ, वाफ्याला कोपरा, आणि झाडानं कुठे थांबायचं ते माळी ठरवणार.

हे कसं ठरतं ते जवळून पाहा. कुंपणाच्या दोन टोकांना खुंट्या, त्यांच्यामध्ये ताणलेली सुतळी. माळी लांब पात्यांची कात्री आडवी धरतो आणि सुतळीच्या वर आलेला प्रत्येक शेंडा उडवतो. सुतळीला पातं लागू द्यायचं नाही. मधूनच तो चार पावलं मागे येतो, एक डोळा मिटून रेघ बघतो, आणि पुन्हा वाकतो. पावसाळ्यात हेच कुंपण आठ-पंधरा दिवसांत पुन्हा केस वाढलेल्या पोरासारखं दिसायला लागतं, की सुतळी पुन्हा बाहेर.

(दृश्य : हिरवळ, पाण्याचा पाइप)

हिरवळीची गंमत वेगळीच. महाराजबाग चालवतं नागपूरचं कृषी महाविद्यालय. ते १९०६ साली सुरू झालं आणि आज अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं आहे. तिथल्या वर्गात हरळी हे तण असतं, शेतकऱ्याचा जीव घेणारं, खणून काढलं तरी पुन्हा उगवणारं. बागेत तीच हरळी राणी. तिला रोज पाणी, वेळेवर कापणी आणि 'हिरवळीवर चालू नये' अशी पाटीसुद्धा. नागपूरच्या उन्हाळ्यात विलायती थाटाची हिरवळ राखायची म्हणजे हट्टच. मला विचाराल तर हिरवळ निम्मी करावी आणि त्या जागी सावलीची झाडं लावावीत. दुपारी दोन वाजता हिरवळीवर कोणी बसत नाही, झाडाखाली मात्र बाक रिकामा मिळत नाही.

(दृश्य : शेवंतीच्या कुंड्या)

बाग शेतकीवाल्यांच्या हाती आहे हे खरं कळतं हिवाळ्यात, शेवंती फुलते तेव्हा. दिवस लहान आणि रात्र मोठी झाली की शेवंती कळ्या धरते. पण टपोरं फूल काही आपोआप येत नाही. झाडाला फांद्या फुटाव्यात म्हणून पावसाळ्यात शेंडे खुडावे लागतात. आणि एकच मोठं फूल हवं असेल तर उलट काम : फांदीच्या टोकाची एक कळी ठेवायची, बाजूच्या सगळ्या मूग-मटकीएवढ्या असतानाच नखानं काढून टाकायच्या. हात इतका हलका लागतो, की जरा जोर झाला तर ठेवायचीच कळी जाते. प्रदर्शनात आपण फुलासमोर उभं राहून फोटो काढतो. त्या फुलासाठी खुडलेल्या कळ्या मोजायला कोणी जात नाही.

(दृश्य : नागनदी, दोन्ही काठांच्या भिंती)

आता नदी. लाव्हा गावाजवळच्या टेकड्यांत उगम, अंबाझरी तलावातून पुढे, मग ही बाग आणि पुढे जुनं शहर. बागेसाठी जिचं पाणी मोलाचं होतं ती आज शहराचं सांडपाणी वाहते. उन्हाळ्यात वास येतो, नाकाला रुमाल लावून लोक पूल ओलांडतात. २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे ढग फुटल्यासारखा पाऊस झाला, अंबाझरी ओसंडला आणि नागनदीकाठच्या वस्त्यांत लोक झोपेतून उठले ते पाण्यातच. वर्षभर नाला म्हणून हिणवलेली नदी त्या रात्री आपली जुनी हद्द दाखवून गेली. भोसल्यांनी काठावर बाग ठेवली होती. आपण काठावर तळघरं बांधली. पूर बागेत शिरला तर गाळ सोडून जातो, तळघरात शिरला तर काय होतं ते त्या वस्त्यांना विचारा.

(दृश्य : वाघाचा पिंजरा, समोर गर्दी)

बरं, आता वाघ. जानेवारी २०२१ मध्ये शहराच्या कडेला गोरेवाड्याचं मोठं प्राणिसंग्रहालय सुरू झालं. तिथे वाघाला फिरायला ऐसपैस जागा आहे. मग शहराच्या मधोमध पिंजरे कशाला, हा प्रश्न रास्त आहे. पण इथलं तिकीट परवडतं, पायी येता येतं आणि हे आपलं आहे, असं म्हणणारे नागपूरकरही खोटं बोलत नाहीत. मला वाटतं, जनावरं हळूहळू गोरेवाड्याला जावीत आणि महाराजबागेनं पुन्हा नुसती बाग व्हावं. पोरं रुसतील हे मान्य.

(दृश्य : रोपवाटिका, संत्र्याची कलमं)

निघायच्या आधी रोपवाटिका चुकवू नका. संत्रं नागपुरात आणलं ते रघुजीराजांनी, औरंगाबादहून, आणि पहिल्यांदा लावलं ते राजाच्या परसबागेत, असं इथे सांगतात. आज तेच संत्रं पिशवीत हात-दीड हात उंचीचं उभं आहे. नीट पाहिलं तर खोडावर मातीपासून वीतभर उंचीवर एक गाठ दिसते. तिच्या खाली जंबेरी, म्हणजे एका आंबट लिंबाची जात, आणि वर संत्रं. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, बसवून हे कलम केलेलं असतं, कारण जमिनीत तग धरायचं काम जंबेरीचं आणि गोडव्याचं काम संत्र्याचं. गाठीखालून फुटवा आला तर लगेच काढायचा.

एक ताई दोन कलमं घेऊन कुंडीत लावायच्या म्हणत होत्या. माळीकाकांनी आधी मान हलवली, मग बोटानं गाठ दाखवली.

"जमिनीत लावा ताई, कुंडीत कायले? आन् हा डोळा मातीच्या वरच ठेवजा. गाठ गाडली अन् खालून फुटवा आला, तं संत्र्याच्या जागी जंबेरीच खासाल."