बॅटरी पडून मरते

श्रोतेहो, नमस्कार.

सोयाबीनची पहिली फवारणी आली की सांगली जिल्ह्यातल्या वाळवा, पलूस भागात पाठीवरचे बॅटरी पंप अडगळीतून बाहेर निघतात, आणि त्यातले काही पहिल्याच टाकीला दम सोडतात. दोष पंपाचा क्वचितच असतो. बॅटरी उन्हाळाभर पडून मेलेली असते.

या पंपात बहुधा १२ व्होल्ट, ८ एएचची (एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) शिशाची बॅटरी असते. ती उतरलेलीच ठेवली की आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर बसतो आणि तो घट्ट झाला की चार्जरने सुटत नाही. मग चार्जरचा हिरवा दिवा अर्ध्या तासातच लागतो आणि माणूस फसतो. बॅटरी भरलेली नसते, तिच्यात साठवायला जागाच उरलेली नसते. म्हणून फवारणी झाली की त्याच संध्याकाळी ती पूर्ण भरायची, आणि नुसती पडून असली तरी दर दोन महिन्यांनी पुन्हा. व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर लावा. चार्जर काढून रात्रभर ठेवलेली चांगली बॅटरी १२.७ च्या आसपास दाखवते. १२.४ च्या खाली आली की चार्जिंगला लावा. रात्रपाळीच्या पाण्याला नेतात त्या शिशाच्या बॅटरीच्या टॉर्चलाही हाच नियम.

लिथियमचा स्वभाव नेमका उलटा. ड्रिल, छाटणीची बॅटरी कात्री, नव्या टॉर्च यांतला सेल ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो. पण तसाच भरलेला महिनोन्‌महिने उकाड्यात राहिला, तर त्याची क्षमता कायमची घटते. मे महिन्यात सांगलीचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा पत्र्याच्या शेडात आणि गाडीच्या डिकीत काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. पॅक मशिनमधून काढा, निम्मा चार्ज ठेवा आणि घरातल्या गार कोपऱ्यात ठेवून द्या. कामावरून आलेला गरम पॅक लगेच चार्जरवर चढवू नका, आधी निवू द्या.

‘ग्राइंडर पाच मिनिटांत बसला’ ही तक्रार नेहमीची. १८ व्होल्ट, २ एएचचा पॅक म्हणजे २ अँपिअरने एक तास. जोर देऊन लोखंड कापताना ग्राइंडर ३० अँपिअर ओढू शकतो. त्या हिशेबाने चारच मिनिटं मिळणार. ४ एएचच्या पॅकमध्ये बहुधा पाच-पाच सेलांच्या दोन रांगा असतात. प्रत्येक सेलवर निम्मा भार येतो, म्हणून तो कमी तापतो आणि जड कामात दुपटीहून थोडा जास्तच टिकतो. ड्रिलचं बिट बोथट असेल तर मात्र कितीही मोठा पॅक पुरत नाही. आधी बिटला धार आहे का बघा, मग बॅटरीला नावं ठेवा.

राहिला टॉर्चचा सेल. १८६५० मापाच्या (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब) सेलवर ९९०० एमएएच (हजार एमएएच म्हणजे एक एएच) छापलेलं असेल, तर ते धादांत खोटं. या मापाचा उत्तम सेलही साडेतीन हजाराच्या आसपासच थांबतो. खऱ्या २५०० एमएएचच्या सेलवर ३ वॅटचा दिवा जेमतेम तीन तास चालेल; तोच टॉर्च १० वॅटच्या झगमगाटावर ठेवला तर तासही भरणार नाही. सेल घेताना दुकानातल्या छोट्या काट्यावर ठेवा. खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. तिशीच्या घरात भरला, तर तिथल्या तिथे परत द्या.