एकाच टेबलावर चार खेळ

मंडळी, टेबलाभोवती बसून पात्रं रंगवण्याच्या खेळांत एकाच गटातल्या माणसांना वेगवेगळं काहीतरी हवं असतं, आणि सांगलीत या विषयावर बोलायचं तर सुरुवात विष्णुदास भाव्यांपासूनच करायला हवी. १८४३ साली त्यांनी इथे चिंतामणराव पटवर्धनांच्या प्रोत्साहनाने नाटक उभं केलं, तेव्हा संवाद लिहिलेले नव्हते. सूत्रधार पदं गात कथा पुढे न्यायचा आणि पात्रं त्या ओघात आयत्या वेळी सुचेल ते बोलायची. डंजन्स अँड ड्रॅगन्ससारखे खेळ याच घाटाचे आहेत. खेळ चालवणारा डंजन मास्टर, म्हणजे डीएम, प्रसंग उभा करतो आणि आपलं पात्र काय बोलेल, काय करेल, ते तुम्ही ठरवता. पण भाव्यांच्या नटांना कथा पाठ होती. शिवधनुष्य रामानेच उचलायचं, यावर रंगमंचावर भांडण व्हायचं कारण नव्हतं. आपल्या टेबलावर शेवट कुणालाच ठाऊक नसतो. त्याहून मोठी अडचण म्हणजे नाटक कुठल्या जातीचं करायचं, हेही बहुतेक वेळा कुणी ठरवलेलं नसतं.

हा गोंधळ खेळाच्या जन्मापासूनचा आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ आणला तो खेळण्यातल्या छोट्या सैनिकांच्या युद्धखेळांतून. लढाईचं गणित तिथून आलं आणि एकेका पात्रात शिरण्याची हौस त्यावर चढली. १९८० साली ग्लेन ब्लॅको या खेळाडूने एका लेखात चार ओढी सांगितल्या होत्या: पात्र बलाढ्य करण्याची, भूमिका जगण्याची, डावपेचांची आणि गोष्ट घडवण्याची. चारही ओढी खऱ्या आहेत, आणि त्यातली एकही हलकी नाही.

आता विश्रामबागेतल्या एका घरातला प्रसंग बघा. रविवारची दुपार, मधे भडंगाचं ताट, पाच मुलं. डीएमने रात्री जागून किल्ल्याचा नकाशा काढलेला. वेशीवर पहारेकरी. एका मुलीने त्याच्याशी बोलणं काढलं, घरी कोण कोण असतं, पगार वेळेवर होतो का. डीएमही रंगला. अर्धा तास गेला. समोरचा मुलगा कुऱ्हाडवाला योद्धा घेऊन आलेला, वीस बाजूंचा फासा बोटांत फिरवत बसलेला. शेवटी म्हणाला, "मी त्याला मारतो." फासा पडला, अठरा, म्हणजे वार बसला. पहारेकरी गेला. मुलीने वही मिटली. डीएम म्हणाला, "अरे, असं का केलंस?" उत्तर आलं, "माझं कॅरेक्टरच तसं आहे." पुढच्या रविवारी दोघं आलीच नाहीत.

सगळ्यांनी खापर त्या मुलावर फोडलं. मला ते मान्य नाही. त्याला बोलावताना 'किल्ले, राक्षस, लढाया' एवढंच सांगितलं होतं. तो त्याच खेळाला आला होता. मुलगी वेगळ्या खेळाला आली होती. खोटं कुणीच वागलं नाही.

अशा वेळी डीएम हमखास करतो ते म्हणजे गोष्टीतच शिक्षा देणं. दहा शिपाई पाठवून त्या योद्ध्याला कैद करायचं. यातून काहीच साधत नाही. त्या मुलाच्या दृष्टीने ती आणखी एक लढाई असते, म्हणजे त्याला हवं तेच! माणसांमधला प्रश्न माणसांनीच बोलायचा असतो, तो राक्षसांच्या तोंडून सुटत नाही. खेळ थांबवा, चहा ठेवा, आणि नावाने विचारा.

खेळाआधीच्या बैठकीला सेशन झिरो म्हणतात. ती अनेक गट घेतात, पण विचारतात काय? "तुम्हाला काय आवडतं?" आपल्याकडे याचं उत्तर ठरलेलं असतं, "काही पण चालेल." डीएम वयाने मोठा, सगळे त्याला दादा म्हणत असतील, तर नक्कीच. म्हणून प्रश्न नेमके हवेत. पात्र कायमचं मेलं तर चालेल का? पार्टीतल्या, म्हणजे पात्रांच्या टोळीतल्या, एकाने दुसऱ्याचं सोनं चोरलं तर? परीक्षेच्या महिन्यात किती जण येणार? आणि माझा सगळ्यात आवडता प्रश्न: मागच्या खेळातली कुठली गोष्ट तुम्ही घरी जाऊन सांगितलीत? त्या उत्तरात माणसाची ओढ आपोआप दिसते.

एक गोष्ट जरा थांबून सांगतो. एखाद्या प्रसंगातली क्रूरता किंवा लगट नको वाटली, तर आपल्या गावांतल्या मुली बहुधा बोलत नाहीत. "क्लास आहे" म्हणतात आणि येणं बंद होतं. यासाठी जॉन स्टॅव्ह्रोपोलस यांनी सुचवलेलं एक्स-कार्ड टेबलावर ठेवा. फुली काढलेला साधा कागद. कुणीही त्याला हात लावला की प्रसंग बदलायचा, कारण विचारायचं नाही. डीएमने स्वतः पहिल्यांदा तो वापरून दाखवावा, म्हणजे बाकीच्यांचा संकोच जातो.

"पटत नसेल तर दुसरा गट शोधा," हा सल्ला पुण्या-मुंबईत ठीक आहे. सांगलीत खेळणारी पाचच माणसं ओळखीची असतील तर कुणाला घालवणार? मग वर्षभर चालणाऱ्या एकाच लांबलचक गोष्टीचा, म्हणजे कॅम्पेनचा, हट्ट सोडा. दोन-तीन बैठकांत संपणाऱ्या छोट्या मोहिमा घ्या, प्रत्येकीची जात आधी जाहीर करा. एक निव्वळ लढाईची, एक दरबारातल्या कारस्थानांची. डीएमही आळीपाळीने बदला. कुऱ्हाडवाल्या मुलाला एक मोहीम चालवायला द्या. वेशीवरचा पहारेकरी त्याला स्वतःला बोलता करावा लागेल, आणि त्या मुलीला त्याने रचलेल्या लढाईत उतरावं लागेल.