दोन भाषांतले मूल आणि मधली सुट्टी

दोन भाषांत वाढणारे मूल गोंधळते, हा समज आपल्याकडे अजून घट्ट आहे आणि पालकसभांतून तो दरवर्षी नव्याने ऐकू येतो. वास्तविक पील आणि लॅम्बर्ट या संशोधकांनी १९६२ मध्ये मॉन्ट्रियल येथील दहा वर्षांच्या मुलांची पाहणी केली, तेव्हा फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही सारख्याच अवगत असलेली मुले बुद्धिमापनाच्या चाचण्यांत एकभाषी मुलांपेक्षा सरस ठरली होती. दोन्ही भाषांत आधीच तयार असलेली मुलेच निवडल्याचा आक्षेप त्या पाहणीवर पुढे घेतला गेला आणि तो रास्त आहे; पण दोन भाषांचा डोक्यावर भार पडतो ही जुनी भीती त्यानंतर अभ्यासकांत फारशी टिकली नाही. तेव्हा मुलाच्या मेंदूची काळजी आज बाजूला ठेवू. मला बोलायचे आहे ते त्याच्या मधल्या सुट्टीविषयी.

गोव्यातल्या अनेक हिंदू घरांची भाषिक घडी बाहेरच्या माणसाला चटकन उमगत नाही. आई मुलाला जेवायला बोलावते ती कोकणीतून, आजोबा वाचतात ते मराठी वर्तमानपत्र, आणि चतुर्थीला माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर बांधलेल्या फळाफुलांच्या चौकटीखाली, आरत्या होतात त्याही मराठीच. जत्रेतले नाटक मराठी असते. पडद्यामागून मात्र ‘अरे यो मरे बेगीन, तुजो प्रवेश आयलो’ अशी हाक येते, आणि तोच नट पुढच्या क्षणी रंगमंचावर जाऊन ‘महाराज, आज्ञा असावी’ म्हणतो. यात कोणालाही विसंगती वाटत नाही, मुलाला तर नाहीच. कोणाशी काय बोलायचे हे त्याला कोणी शिकवलेले नसते, तरी ते क्वचितच चुकते.

अडचण सुरू होते ती सवंगड्यांत. मोठ्यांना मुलाचे दोन्ही भाषांत बोलणे कौतुकाचे वाटते. बरोबरीच्या मुलांना मात्र ‘हा आपल्यातला का?’ एवढेच ठरवायचे असते आणि त्यासाठी उच्चाराइतकी सोपी खूण दुसरी नाही. महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या पेडण्याकडचे मूल दक्षिण गोव्यातल्या मडगावच्या शाळेत आले की त्याच्या बोलण्याचा हेल मराठीकडे झुकलेला म्हणून त्याला ‘घाटी’ म्हणून चिडवतात. हेच मूल पुढे पुण्याच्या वसतिगृहात गेले आणि वर्गातल्या मुलीविषयी बोलताना सवयीने ‘ते आले’ म्हणून गेले, की टेबलाभोवती हशा पिकतो. कोकणीत तरुण मुलीला नपुंसकलिंगी रूप लावतात, हे तेथे कोणाला ठाऊक असणार? इकडे मराठी म्हणून हसू, तिकडे कोकणी म्हणून हसू. अशी मुले मग एक तर गप्प बसतात किंवा सरळ इंग्रजीचा आसरा घेतात, कारण इंग्रजीत दोन्ही गावांचा वास येत नाही. आमच्या कित्येक हुशार विद्यार्थ्यांच्या इंग्रजीप्रेमाचे मूळ मला महत्त्वाकांक्षेपेक्षा या भित्रेपणात अधिक दिसते.

आणि ही खूण मुलांनी शोधून काढलेली नाही. गोव्यात १९६७ चा जनमत कौल झाला तो महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे या प्रश्नावर, पण घराघरांत त्याला भाषेचा रंग चढला. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली, मराठीच्या शासकीय वापराचीही तरतूद झाली, आणि त्या काळात भावाभावांत आलेला अबोला पाहिलेले लोक या सभागृहात असतील. तो वाद मी येथे उकरून काढणार नाही. माझी स्वतःची मते आहेत आणि ती अनेकांना रुचत नाहीत. मात्र मुलाने कोणत्या भाषेत उत्तर दिले यावरून त्याचा धर्म, जात आणि घरचा पक्ष ओळखण्याची सवय आपणच लावली, आणि मुले मैदानावर तिचाच वापर करतात. बा. भ. बोरकरांनी दोन्ही भाषांत कविता लिहिल्या म्हणून आपण अभिमान बाळगतो. त्यांच्याच प्रदेशातले पाचवीतले पोर निबंधात ‘पडायला’च्या जागी कोकणी रूप वापरून ‘पाऊस पडपाक लागला’ असे लिहिते, तेव्हा ते वाक्य वर्गात मोठ्याने वाचून दाखवले जाते.

शिक्षकांना माझी विनंती आहे की असे वाक्य समासात दुरुस्त करावे, वर्गाला ऐकवू नये. पालकांनीही, मुलाला शाळेत त्रास होतो म्हणून, घरातली एक भाषा बंद करू नये. तो त्रास त्याने थांबत नाही, फक्त आजीशी बोलणे थांबते. राहता राहिला प्रवेशअर्ज. जनगणनेत मातृभाषा एकच नोंदवतात हे खरे, पण येत असलेल्या आणखी दोन भाषाही विचारतात. आपल्या बहुतेक शाळांच्या अर्जात ‘मातृभाषा’ एवढाच रकाना असतो. त्याखाली ‘घरात बोलल्या जाणाऱ्या इतर भाषा’ अशी एक ओळ वाढवायला व्यवस्थापनाला फार मोठा खर्च येऊ नये.